राऊटर टेबलाखाली, पण कुठल्या बेसवर?

आजचा राऊटर वायफायचा नाही, लाकडात खाचा पाडणारा.

वीज नव्हती तेव्हा हे काम हाताच्या रंध्याने व्हायचं. त्याच्या जुन्या लाकडी प्रकाराला इंग्रज सुतार 'म्हातारीचा दात' म्हणायचे. खाली एकच पातं बाहेर आलेलं ना! पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत आर. एल. कार्टर यांनी इलेक्ट्रिक राऊटर आणला. १९२९ मध्ये त्यांचा धंदा स्टॅनली कंपनीने घेतला. रचना साधी, मोटर एका कड्यात घट्ट आवळायची. हा फिक्स्ड बेस. पण फळीच्या मधोमध खाच सुरू करायची तर फिरतं पातं तिरकं धरून आत उतरवावं लागायचं, आणि ते धोक्याचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या एलू कंपनीने तोड काढली: दोन खांब, स्प्रिंग, मोटर वरून दाबायची, सोडली की वर. हा प्लंज बेस.

'नवीन तेच भारी' म्हणून मी प्लंज घेतला आणि टेबलाखाली उलटा टांगला. तिथे स्प्रिंग मोटरला खाली ढकलते, वजनही खालीच ओढतं. पातं अर्धा मिलिमीटर वर घ्यायचं तर दोघांशी कुस्ती! एकदा लॉक नीट आवळला नव्हता, पातं हळूहळू खाली सरकलं आणि सागाच्या चार पट्ट्या वाया. सागाचा भाव माहितीये ना?

फिक्स्ड बेसमधून मोटर खालून सरळ निघते, प्लग काढून बिट आरामात बदलता येतं. एका मोटरबरोबर दोन्ही बेस असलेले संचही मिळतात. आता तसाच घेतलाय: फिक्स्ड कायमचा टेबलाखाली, प्लंज हातातल्या कामाला.