ज्वारीचा कडबा आणि सूर्याची शिदोरी

वर्धेकाठचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, असं आपण मानतो. 1960 च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी इथली पांढरी खणली, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती समोर आली. इतक्या पिढ्या जगल्या त्या कशाच्या बळावर, ते आज आम्ही सांगणार आहोत.

सगळ्यांची शिदोरी सूर्याकडून येते. ज्वारीचं पान ऊन धरतं आणि त्याचं अन्न करतं. दाणा आपल्याला, कडबा बैलाला, सांडलेलं पाखराला. पण खाल्लेल्यातलं बरंचसं बळ चालण्यात, श्वासात, अंगाच्या उबेत संपतं. ढोबळमानानं दहातला एकच वाटा पुढच्या खाणाऱ्याला मिळतो. म्हणून रानात हरणांचे कळप असतात आणि वाघ मोजके. अमेरिकेतल्या रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये एका तळ्यावरून असा हिशेब मांडून दाखवला. शेणातून खत मातीत परत येतं. खर्चलेलं बळ मात्र परत येत नाही. ते रोज नव्यानं सूर्याकडूनच घ्यावं लागतं.

आता वऱ्हाडाकडे बघू. 1853 मध्ये आपला मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. कापूस वाढत गेला, पैसाही आला. पण रुई कोणी खात नाही. सरकी ढोराला, पऱ्हाटी चुलीला लागते, तरी कडब्याची भर त्यातून निघत नाही. आपल्या वावरात पडलेलं ऊन रुईच्या गाठींतून जहाजावर चढलं.

1899-1900 मध्ये पाऊस गेला. दाणाही नाही, वैरणही नाही. रोकड नसलेल्या मजुराला महाग धान्य घेता येईना. माणसं गेली, ढोरं गेली. आणि ढोरांबरोबर नांगर ओढणारं बळ आणि खतही गेलं.

आज ट्रॅक्टर आहे. पण त्याचं डिझेलही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांनी साठवलेलं ऊनच, आणि ते विकत घ्यावं लागतं.

कापूस सोडा, असं आम्ही म्हणत नाही. पेरणीआधी घरात एवढंच विचारा : यंदा घरचा दाणा किती, ढोराचा चारा किती? ज्वारीचे, तुरीचे चार तास ठेवायचे की नाही, हे ठरवताना आपलाही शब्द असू द्या. गटाच्या पुढच्या बैठकीत हा हिशेब घेऊन या.