चाळीसला एक

काही वर्षांपूर्वीची चवथ. माटोळी बांधून झाली होती, मखर उभे राहिले होते आणि बाजूच्या टेबलावर मी पुतण्यासाठी दूधसागरचा देखावा मांडत होतो. धबधबा कापसाचा, डोंगर पुठ्ठ्याचे, आगगाडी एच-ओ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. रूळ वर चढवायला हाताला लागली ती पुस्तके आणि काड्यापेट्या खाली सारल्या. गाडी अर्ध्यावर गेली, इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि पाच डब्यांसकट ती मागे घसरली.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. त्यांची नोकरी रेल्वेत, त्यातली बरीच वर्षे कुळेला.

"चढ मोजलास का?" त्यांनी विचारले.

मी मोजला नव्हता. मोजला तेव्हा कळले, सव्वा मीटरमध्ये मी रूळ १० सेंटिमीटर उचलला होता. म्हणजे साडेबाराला एक!

आपल्या गोव्यातली रेल्वे अशाच हिशेबावर उभी आहे. १८७८ साली पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात करार झाला, १८८१ मध्ये लंडनला वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनी निघाली आणि ते दशक संपायच्या आत मुरगाव बंदर कॅसलरॉकला जोडले गेले. मार्ग मीटरगेज. कुळेपर्यंत फारशी अडचण नाही, पुढे मात्र सह्याद्री आडवा. कुळे ते कॅसलरॉक हा साधारण २६ किलोमीटरचा घाट ३७ ला १ अशा चढाचा आहे. ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. रस्त्यावर हा चढ आपल्याला जाणवणारसुद्धा नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, पकड ती किती? हजार टनांच्या गाडीला हा चढ २७ टनांच्या जोराने मागे ओढतो. म्हणून तर घाटात गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागली.

खेळण्यातल्या गाड्यांचेही दुखणे हेच. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९५० साली इंजिनाच्या चाकांना चुंबकाची जोड दिली, म्हणजे ती पोलादी रुळाला धरून राहतील. त्याच दशकात तिने क्रमाक्रमाने उंच होत जाणाऱ्या खांबांचा संच विकायला काढला. मुलांनी ते ओळीने मांडायचे, की चढ आपोआप तयार. पुढे १९६० च्या दशकात लिन वेस्टकॉट या संपादकाने हौशी मंडळींत लाकडी सांगाड्याची एक पद्धत रुजवली. तिच्यात टेकूचे स्क्रू खालच्या बाजूने मारतात. वर रूळ, डोंगर, झाडे सगळे जागेवर असतानाही टेकू वरखाली करता येतो. चढ पहिल्या फटक्यात बरोबर येत नाही, हे त्या माणसाला पक्के ठाऊक असणार!

आम्ही चाळीसला एक असा चढ धरला. वीस वीस सेंटिमीटरवर एक टेकू आणि प्रत्येक टेकू आधीच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर उंच. ८ सेंटिमीटर उंची गाठायला सोळा टेकू आणि ३ मीटर २० सेंटिमीटर लांबी लागली, म्हणून रूळ टेबलाला वळसा घालून आणला. सुरुवातीचा आणि शेवटचा टेकू बाबांनी कानशीने घासून कमी केला. सपाट रूळ एकदम चढाला भिडला तर तिथे कोन होतो आणि डबे सुटतात. वळणावर चाके रुळाला घासतात, तिथे चढ जरा सौम्य केला. खऱ्या मार्गावरही असेच करतात, म्हणाले.

"आजोबा, ही मीटरगेज का?" पुतण्याने विचारले. नव्हती. १६.५ मिलिमीटरचा हा रूळ परदेशी मापाचा, आपल्या ब्रॉडगेजचाही नव्हे. १९९० च्या दशकात घाटातले मीटरगेज रूळ उखडले गेले, तेव्हाचे बाबा मला आठवतात. घरी आले आणि जेवताना कोणाशी बोलले नाहीत.

चवथीच्या संध्याकाळी गाडी चढली, पण चार डब्यांनिशी. पाचवा लावला की इंजिन दमायचे. मी तो काढून ठेवणार होतो.

"राहू दे," बाबा म्हणाले आणि शेवटच्या डब्यामागे त्यांनी बोट टेकवले. "हा माझा बँकर."

गाडी वर पोचेपर्यंत त्यांनी बोट काढले नाही.