संदर्भनोंद आणि बदलती संहिता
संदर्भनोंदीचे मूळ प्रयोजन, लेखकाने जी संहिता पाहिली तीच वाचकाला तपासता यावी, हे होय. इलेक्ट्रॉनिक साधनांनी नेमके हेच प्रयोजन अडचणीत आणले. छापील पान स्थिर असते. संकेतस्थळावरील मजकूर बदलतो, स्थलांतरित होतो, कधी नाहीसाही होतो.

अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या हस्तपुस्तिकेत या पेचाचा इतिहास वाचता येतो. २००३ च्या सहाव्या आवृत्तीने संकेतस्थळाचा पत्ता व तो पाहिल्याची तारीख मागितली. २००९ च्या सातव्या आवृत्तीने पत्त्याची सक्ती काढली. मात्र साधन छापील की वेबवरील, हे सांगणे आवश्यक ठरवले. २०१६ च्या आठव्या आवृत्तीत पत्ता परतला, डीओआय या स्थिर ओळखक्रमांकाला पसंती मिळाली आणि माध्यमाचा उल्लेख अनिवार्य उरला नाही.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. ती तेथे पाहून केवळ मुद्रित ग्रंथाची नोंद करणारा अभ्यासक, छापील पानापासून पडद्यापर्यंत झालेले पुनर्लेखन दृष्टिआड करतो. त्यात एखादा प्रमाद शिरला असेल, तर तो मोल्सवर्थच्या माथी बसतो. कोणती पोथी पाहिली हे सांगितल्याविना पाठचिकित्सा पुढे जात नाही. तोच दंडक येथेही लागू आहे. नियम बदलत गेले. जे पाहिले तेच नोंदवण्याचे उत्तरदायित्व मात्र बदललेले नाही.