वकील, चलान आणि पावती : वाहतूक-दंडाच्या परिभाषेचा ऐतिहासिक विचार

वाहतुकीच्या नियमाचा भंग केल्यावरून रस्त्यावर अडविला गेलेला मराठी मनुष्य घरी येऊन ‘आज पावती फाडली’ असे सांगतो. ‘माझ्यावर आरोप आला’ असे तो म्हणत नाही. वस्तुतः पावती ही पैसे पावल्याची, म्हणजे व्यवहार संपल्याची खूण होय. कायद्याच्या दृष्टीने जेथे प्रकरणाचा आरंभ व्हावयाचा, तेथेच भाषेने त्याचा शेवट मानला आहे. असा आरोप अमान्य करून वकिलामार्फत न्यायालयात उभे राहण्याचा हक्क आरोपीला आहे. तो बजावणारे मात्र विरळा. याचे कारण केवळ खर्चात शोधून भागत नाही. हा व्यवहार आपण ज्या शब्दांनी ओळखतो त्या शब्दांच्या इतिहासातही ते शोधले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम ‘वकील’ हा शब्द घेऊ. मूळ अरबी अर्थ ‘ज्याच्यावर काम सोपविले तो’. मराठी राज्याच्या कागदपत्रांत हा शब्द पदोपदी येतो, परंतु तेथे त्याचा संबंध न्यायसभेशी नसून परराज्याच्या दरबाराशी आहे. दिल्लीस पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती. निजामाच्या दरबारी गोविंदराव कृष्ण काळे होते. 1784 साली महादजी शिंद्यांनी बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळविलेली ‘वकील-इ-मुतलक’ ही पदवी याच अर्थाची, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी या अर्थाची होती, आणि 1792 मध्ये ती पुण्यात समारंभपूर्वक सवाई माधवरावांना अर्पण करण्यात आली. बलिष्ठ सत्तेपुढे दुसऱ्याची बाजू निर्भयपणे मांडणारा तो वकील, ही अर्थच्छटा मराठीत अद्याप जिवंत आहे. ‘त्याचे वकीलपत्र तू कशाला घेतोस?’ या घरगुती प्रश्नातील वकील कोर्टापेक्षा दरबाराला जवळचा आहे.

त्या काळच्या न्यायदानात व्यवसायी वकिलाला स्थान नव्हते. अग्रवादी व पश्चिमवादी आपापल्या तकरिरा लिहून देत, जामीन देत, साक्षीपुरावा होई आणि शेवटी निवाडपत्र मिळे. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याने सरकारात ‘हरकी’ भरावयाची आणि हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. यांतील दुसरा शब्द भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. आज आपण गुन्हेगारी म्हणतो ती गुन्हे करण्याची प्रवृत्ती. जुन्या कागदांत गुन्हेगारी म्हणजे दंडाची रक्कम. अपराध आणि त्याबद्दल भरावयाचे पैसे यांना एकाच शब्दाने संबोधण्याची सवय मराठीला अशी जुनीच आहे. हरकीचाही विसर पडू देऊ नये. आपली बाजू खरी ठरली तरी खिशास चाट बसतेच, हा अनुभव त्या शब्दात साठविलेला आहे, आणि पुढे तो पुन्हा आपल्या उपयोगी पडणार आहे.

दरबारातला वकील कचेरीत आला तो कंपनी सरकारच्या अमदानीत. बंगालमध्ये 1793 च्या सातव्या रेग्युलेशनाने अदालतींतील वकिलांची नेमणूक व त्यांचा मेहनताना यांची व्यवस्था लावून दिली. ही सनद तेव्हा फक्त हिंदू व मुसलमान यांनाच मिळे. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत, 1827 साली, जी रेग्युलेशने झाली त्यांतील दुसऱ्यात वकिलांविषयीचे नियम आले. फौजदारी न्यायालयातील आरोपीला वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने 340 व्या कलमात नमूद केला. 1973 च्या संहितेत ते कलम 303 वे झाले, आणि 2024 पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत योगायोगाने पुन्हा 340 वे. अपराध खुनाचा असो की सिग्नल ओलांडल्याचा, या हक्कात कायदा भेद करीत नाही.

आता ‘चलान’. चालता करणे, रवाना करणे या अर्थाच्या हिंदी क्रियापदावरून हा शब्द आला असून पाठविलेल्या वस्तूबरोबर जाणारा कागद असा त्याचा अर्थ. खजिन्याकडे पैसे निघाले की त्यांच्याबरोबर चलान जाई, आणि मॅजिस्ट्रेटकडे आरोपी निघाला की त्याच्याबरोबरही चलानच. उत्तर हिंदुस्थानात ‘चालान पेश करना’ म्हणजे न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करणे. हा प्रयोग आजही तेथे रूढ आहे. महाराष्ट्रात मात्र त्या कागदाला आपण दोषारोपपत्र म्हणतो, आणि चलान किंवा चलन हा शब्द बँकेत वा कोषागारात पैसे भरण्याच्या कागदासाठी राखून ठेवतो. परिणाम असा की, वाहतूक-पोलिसाने हाती दिलेले चलान मराठी कानाला आरोप वाटतच नाही, भरणा वाटतो. हिंदी भाषकाचेही व्यवहारात ‘चालान कटते’ हे खरे, पण त्याच्या भाषेत त्या शब्दाची दुसरी वाट निदान उघडी राहिली आहे. मराठीत ती कधी रुळलीच नाही.

मोटार-कायद्याची रचनाही या अर्थाला पोषक ठरली. 1914 चा पहिला अखिल भारतीय कायदा जाऊन 1939 चा आला, त्याच्या 130 व्या कलमात समन्सवरच आरोपीला पर्याय कळविण्याची तरतूद होती : वकिलामार्फत हजर व्हा, अथवा रजिस्टर पत्राने अपराध कबूल करून ठरलेली रक्कम पाठवा. 1988 च्या कायद्याच्या 208 व्या कलमात रजिस्टर पत्राची जागा मनिऑर्डरीने घेतली, आणि कबुली मनिऑर्डरीच्या कुपनावरच लिहावयाची झाली! शिवाय केवळ अशा कबुलीमुळे परवाना अपात्र ठरणार नाही, हे अभयही कलमात दिले आहे. वकील आणि कुपन हे दोन पर्याय एकाच समन्सवर शेजारी शेजारी छापले गेले, परंतु सवलतीचे पारडे कुपनाकडे झुकले.

याच कायद्याच्या 200 व्या कलमाखाली, खटला भरण्यापूर्वीही, काही अपराध ठराविक रक्कम घेऊन मिटविता येतात. सरकारी मराठीत याला ‘तडजोड’ म्हणतात. हा शब्द मला पटत नाही. तडजोडीत दोन पक्ष असतात व दोघेही काही सोडतात. येथे रक्कम शासनाच्या अधिसूचनेने आधीच ठरलेली असते आणि आरोपीने सोडावयाची गोष्ट एकच, आपला बचाव. पैसे भरले की पुढील कार्यवाही थांबते, आणि आरोप खरा होता की नाही हा प्रश्न कायमचा अनिर्णित राहतो.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण अर्थातच येथे आठवते. ‘कोर्ट’ या शब्दावरून आजच्या रूपात ती इंग्रजी अमदानीपूर्वीची असू शकत नाही. हरकी भरणाऱ्या पिढ्यांचा अनुभव मात्र तिच्यामागे असावा. पाचशे रुपयांच्या दंडासाठी वकील देणारा निर्दोष सुटला तरी कबुली देणाऱ्याहून अधिक खर्चात पडतो. मद्यपान करून वा धोकादायक रीतीने वाहन हाकल्याचा आरोप असेल तर गोष्ट निराळी. तेथे कारावास आणि परवाना यांचा प्रश्न असतो व माणूस वकिलाकडे धाव घेतो. प्रश्न उरतो तो लहान दंडांचा, आणि रस्त्यावरील बहुसंख्य आरोप तेच असतात.

यंत्राने टिपलेल्या अपराधांमुळे या प्रश्नाला नवे वळण लागले. 2021 साली केंद्रीय नियमांत घातलेल्या 167-अ या नियमाने कॅमेऱ्यासारख्या उपकरणाला प्रमाणपत्र असावे, अपराधाची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी आणि प्रकरण निकालात निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवावी असे बंधन घातले. उलटतपासणी करू इच्छिणाऱ्या वकिलाला यांतील प्रत्येक अट म्हणजे एकेक प्रश्न आहे. रस्त्यावरच्या शिपायाशी हुज्जत घालता येई, कॅमेऱ्याशी ती घालता येत नाही. तेव्हा हे प्रश्न विचारण्याची जागा न्यायालयाखेरीज दुसरी राहिलेली नाही.

‘फाडणे’ हे क्रियापद पुस्तकातून पावती फाडून देण्याच्या रीतीवरून आले. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या चलानात फाडण्यासारखे काहीच नसते, तरी प्रयोग टिकून आहे. राजकारणाच्या व वृत्तपत्रांच्या भाषेत तर ‘अपयशाची पावती दुसऱ्याच्या नावावर फाडणे’ असेही आपण म्हणू लागलो आहोत. आणि या प्रयोगात ज्याच्या नावावर पावती फाटते तो अपराधी नाही, हे ऐकणाऱ्याने गृहीतच धरलेले असते.