तारापूरच्या नळ्यांतली भेग

मी कराडचा. आमच्याकडे भेगेचा विषय निघाला की जुनी माणसं ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगतात. कोयनेचा भूकंप झाला आणि धरणाला आडव्या भेगा गेल्या. भिंतीचा उतार जिथे बदलतो, ताण जिथे एकवटतो, साधारण तिथेच. पुढे भिंतीला काँक्रीटचे टेकू दिले. ती भेग एका धक्क्यात पडली. आजची गोष्ट वर्षानुवर्षं गुपचूप वाढणाऱ्या भेगेची आहे.

त्याच काळात तारापूरला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या. १९६९ मध्ये त्या सुरू झाल्या, क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट. यांत पाणी भट्टीतच उकळतं. तापमान सुमारे २८० अंश, दाब हवेच्या जवळपास ७० पट.

नळ्या स्टेनलेस स्टीलच्या. मग त्यांना गंज कसा? तर वेल्डिंग करताना सांध्याशेजारचा पट्टा ५०० ते ८०० अंशांतून जातो. तिथे स्टीलमधला कार्बन क्रोमियमला धरून बसतो, तोही धातूच्या कणांच्या सीमांवर. गंजापासून राखणारं क्रोमियमच तिथे कमी पडतं. वेल्डिंगने मागे ठेवलेला ताण असतोच. किरणोत्सारामुळे पाणी फुटून त्यात ऑक्सिजन येतो. कच्चा धातू, ताण आणि पाणी, तिघं एकत्र आले की भेग कणांच्या कडेकडेने सरकते. तिघांतला एक काढला तर ती थांबते.

१९७४ मध्ये अमेरिकेत ड्रेस्डेनच्या भट्टीत अशा भेगा सापडल्या आणि जगभर धावपळ झाली. उपाय निघाले ते या तिघांवरच: कमी कार्बनचं स्टील, ताण घालवण्याची प्रक्रिया, पाण्यात हायड्रोजन सोडणं.

तारापूरची कहाणी वेगळ्या नळ्यांपासून सुरू होते. दुय्यम वाफ जनित्रांच्या नळ्या गळू लागल्या. १९८० च्या दशकात ती जनित्रं बाजूला काढली आणि क्षमता १६० मेगावॅटवर आली. २०२० मध्ये दोन्ही भट्ट्या दीर्घ कामासाठी बंद झाल्या. भट्टीतलं पाणी फिरवणाऱ्या नळ्या बदलणं हा त्यातला मोठा भाग.

आता खरा मुद्दा. मी सॉफ्टवेअरवाला. चूक सापडेना तर प्रोग्राम हजार वेळा चालवतो, फुकटात. इथे एक सांधा ध्वनिलहरींनी तपासायचा तर कुणीतरी किरणोत्सारात उभं राहतं. आपल्याकडे कामगाराला एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे तपासणीची किंमत माणसाच्या अंगावर मोजली जाते, आणि न तपासण्याची त्याहून मोठी.

म्हणून जुन्या भट्टीचं आयुष्य वाढवल्याची बातमी वाचाल तेव्हा मेगावॅटच्या आधी एक विचारा: सांधे शेवटचे कधी तपासले? भेटूया पुढच्या भागात.