बायोप्सीच्या रिपोर्टमधील टीटीएफ-१ आणि पी४० म्हणजे काय?

फुप्फुसाच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह’ असे दिसले की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, ‘पॉझिटिव्ह म्हणजे वाईट का?’ तसे नाही. कर्करोग कोणत्या प्रकारचा आहे, एवढेच या खुणा सांगतात.

शरीरातील पेशींमध्ये जनुके जवळपास सारखीच असतात. त्यांपैकी कोणती चालू आहेत, यावर पेशीचा स्वभाव ठरतो. चालू जनुकापासून प्रथिन तयार होते आणि पॅथॉलॉजिस्ट तुकड्यावर रंग चढवून ते प्रथिन शोधतात. हीच आयएचसी तपासणी. टीटीएफ-१ किंवा नॅप्सिन-ए सापडले तर बहुधा अडेनोकार्सिनोमा, पी४० ठळक दिसले तर स्क्वॅमस. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन यांची मदत स्मॉल सेल ओळखायला होते. एकाच खुणेवर मात्र निदान होत नाही. टीटीएफ-१ स्मॉल सेलमध्ये आणि थायरॉइडच्या कर्करोगातही दिसते, तर काही अडेनोकार्सिनोमात ते नसतेच.

एवढा खटाटोप औषधासाठी. पेमेट्रेक्सेड स्क्वॅमसमध्ये फारसे उपयोगी पडत नाही आणि बेव्हासिझुमॅबमुळे त्यात जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. अडेनोकार्सिनोमा असेल तर पुढे ईजीएफआर, एएलके या जनुकांतील बदल तपासतात. ती आयएचसीपेक्षा पुढची पायरी. भारतात अडेनोकार्सिनोमाच्या साधारण चार रुग्णांत एकाला ईजीएफआरचा बदल सापडतो, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत अधिक. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा 350 रुग्णांवर चाचणी झाली. जेफिटिनिबच्या गोळीसोबत केमोथेरपी दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ 8 महिन्यांवरून 16 महिने झाला. दुष्परिणाम मात्र वाढले.

आपल्याकडे खोकला, घटते वजन आणि एक्स-रेवरचा डाग म्हटले की आधी टीबी आठवतो. ते चूक नाही. पण थुंकीत जंतू सापडले नसताना सुरू केलेल्या गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर कोर्स संपायची वाट पाहू नका. सीटी स्कॅन आणि बायोप्सीबद्दल विचारा.

सुदुंबरे, तळेगाव भागातून पुण्याला किंवा परळला जाताना केवळ रिपोर्ट नेऊन भागत नाही. आधीच्या लॅबमधून पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. तो तुमचाच नमुना आहे. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळते. तुकडा लहान असतो, म्हणून उरलेला भाग जनुक तपासणीसाठी राखून ठेवायला डॉक्टरांना आधीच सांगा. तो संपला तर बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते.