फियाट म्हणा, पद्मिनी लिहा

आप्पा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांची गाडी माझ्या नावावर करून घ्यायला मी कचेरीत गेलो. अर्ज मीच भरला होता. वाहनाच्या नावाच्या रकान्यात 'फियाट' असं ठळक लिहिलं होतं. खिडकीपलीकडच्या कारकुनाने आरसी बुक उघडलं, अर्ज पाहिला आणि दोन्ही माझ्याकडे परत सरकवले. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत म्हणाला, "तुमची गाडी फियाट नाही. प्रीमियर पद्मिनी आहे."

मी म्हटलं, "एकच की हो ते."

"तुमच्या घरी एकच असेल. कागदावर नाही." नवा अर्ज, नवी तिकिटं, पुन्हा सोमवारी या.

जिना उतरताना मला त्याचा राग यायला हवा होता. पण आली ती वेगळीच आठवण. हेच वाक्य पंधरा वर्षांपूर्वी मी आप्पांना ऐकवलं होतं, तेही चारचौघांत.

१९८१ साली आमच्या दारात ती गाडी आली. पैसे भरून कैक वर्षं झाली होती. नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा आईने आधी ते देवापुढे ठेवलं. गाडी आली त्या संध्याकाळी अर्धी गल्ली आमच्या बोळात उभी होती. आप्पा प्रत्येकाला सांगत होते, "आपली फियाट आली." मी कॉलेजात होतो, चार पुस्तकं वाचली होती. मी म्हणालो, "आप्पा, फियाट नाही ती. मागे काय लिहिलंय बघा. पद्मिनी." माणसं हसली. आप्पांनी बॉनेटवरचं हळदकुंकू नीट केलं आणि एवढंच विचारलं, "नाव बदललं म्हणून इंजिनाचा आवाज बदलला का?" त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. ते पाहण्याचं वय माझं नव्हतं.

त्या सोमवारपासून मोटारींच्या नावांचा मला नाद लागला. गाडीला नाव कोण ठेवतं, कशासाठी ठेवतं, आणि शेवटी कुणाचं नाव टिकतं, हे बघत गेलो. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो.

आमच्या गाडीचं मूळ घराणं सोलापूरच्या वालचंद हिराचंदांकडे जातं. आगबोटी, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी देशात व्हाव्यात हा या माणसाचा ध्यास होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीची वाहनं इथे जुळवली जात. तिथेच नावाचा पहिला धडा मिळतो. एकाच ट्रकला डॉज, फार्गो आणि डिसोटो अशी निरनिराळी नावं लागत. पत्रा तोच, चाकं तीच. फक्त पाटी वेगळी. विकणारा वेगळा म्हणून नाव वेगळं.

पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळला आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० रस्त्यावर आली. कंपनीने तिला 'एलिगंट', 'सिलेक्ट', 'सुपर सिलेक्ट' अशी साहेबी विशेषणं लावली. लोकांनी तिच्या पुढच्या फुगीर नाकाडाकडे एकदा पाहिलं आणि नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. कंपनीच्या कुठल्याही पत्रकात हे नाव नाही. पण मुंबईपासून बेळगावापर्यंत कुठल्याही जुन्या मिस्त्रीला आज 'सुपर सिलेक्ट' विचारा, तो डोकं खाजवील. 'डुक्कर फियाट' म्हणा, लगेच तिच्या कार्ब्युरेटरची खोड सांगेल. माणसाने मोटारीचं रूप किती बारकाईने पाहिलं याचा पुरावा म्हणजे असं टोपणनाव.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर नवं रूप आलं, '११०० डिलाइट'. सरळ रेषा, पाठीमागे छोटीशी शेपटी, गोल दिवे, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. पुढे सलग बाक, त्यावर तीन माणसं आणि एक मूल सहज. १०८९ सीसीचं इंजिन. हेच रूप थोड्याफार डागडुजीने तीन तपांहून अधिक काळ चाललं. बदललं ते नाव. १९७० च्या दशकाच्या आरंभी इटालियन नाव उतरलं, काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' अशी पाटी लागली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावाने 'प्रीमियर पद्मिनी'.

डुकरावरून थेट पद्मिनी! आप्पांच्या एका मित्राने तेव्हा शास्त्राधार दिला होता. "स्त्रियांच्या जाती चार," तो म्हणाला, "पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी. ही पद्मिनी असेल तर अँबॅसिडर नक्की हस्तिनी." आख्यायिकेतली पद्मिनी अल्लाउद्दिनाला आरशातून दिसली होती, आमची पद्मिनी मागच्या ट्रकवाल्याला फक्त हॉर्न देताना दिसे.

पण विनोद सोडून एक प्रश्न उरतो. इतकं देखणं, आपल्या मातीतलं, तीन अक्षरांचं नाव लोकांच्या तोंडी का बसलं नाही? माझ्या मते, त्या काळी गाडीच्या नावाला काही कामच नव्हतं. गिऱ्हाईक आधी पैसे भरून वर्षानुवर्षं रांगेत उभं. रांगेतल्या माणसाला नावाने भुरळ घालायची गरज काय? पद्मिनी म्हटलं काय, कोंडिबा म्हटलं काय, नंबर लागला की तो नेणारच. आणि रांगेत उभं राहताना ज्याने 'फियाट' म्हणून नवस बोलला, त्याने गाडी हाती आल्यावर वेगळं नाव का घ्यावं?

अँबॅसिडरची कथा याहून गमतीची. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ ची. आधी गुजरातेत ओखा बंदरी, मग बंगालात उत्तरपाड्याला. पहिल्या गाड्यांचं नाव 'हिंदुस्थान'च होतं, 'हिंदुस्थान १०', 'हिंदुस्थान १४'. अंगाने त्या इंग्रज मॉरिसच. स्वातंत्र्यानंतर मात्र नाव इंग्रजी झालं, 'लँडमास्टर'. इकडे मुंबई राज्यात कूळकायदा येऊन १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन होत होती, आणि तिकडे गाडीचं नाव जमिनीचा मालक! योगायोग असा की १९५७-५८ मध्येच 'लँडमास्टर' जाऊन 'अँबॅसिडर' आली.

अँबॅसिडरचं मराठी 'राजदूत'. आणि 'राजदूत' नावाचं वाहनही आपल्याकडे होतं. पण ती एस्कॉर्ट्सची मोटारसायकल, दोन्हीकडे कासंड्या अडकवून दूधवाला नेई ती! एकच हुद्दा; इंग्रजीत म्हटला की मंत्री बसतो, देशी भाषेत म्हटला की दुधाचा रतीब. चेतक, विजय, राजदूत, साताऱ्यात तयार होणारी प्रिया, ही सगळी दुचाकी मंडळी. सरसकट नियम नव्हे, पण बहुधा वाहनाला चाकं वाढली की नावाची भाषा बदलत असे. आमच्यासारख्या दोन-तीन भाषांत जगणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, अर्जावर तिसरी. आणि कुठली भाषा कुठल्या खुर्चीवर बसते हे पोरालाही ठाऊक असतं.

या नियमाला धक्का दिला तो मारुतीने. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली ८०० गिऱ्हाइकाच्या हाती गेली. कंपनीचं नाव मारुती, जपानी भागीदार सुझुकी, आणि ८०० हा इंजिनाचा आकडा, खरं तर ७९६. आता मराठी मुलखात मारुती म्हणजे वेशीवरचा देव. "मारुतीपाशी उभा राहा" म्हटलं की पत्ता पुरा होतो. त्यामुळे हे नाव कुणाला शिकवावं लागलं नाही. आमच्या शेजारच्या काकू मात्र बरेच दिवस "मारुतीत बसून आलो" म्हणताना जीभ चावत, म्हणत, "देवाच्या आत बसायचं कसं?"

आमच्या शेजारच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णींनी त्याही आधी स्वतःच्या हिकमतीवर छोटी मोटार घडवली होती. नाव ठेवलं 'मीरा'. किती सुटसुटीत नाव! पण ती कधी बाजारात आलीच नाही. नाव लोकांच्या तोंडी यायला आधी वाहन रस्त्यावर यावं लागतं.

१९९१ नंतर रांगा संपल्या आणि नावांना काम मिळालं. आता नावाने गिऱ्हाईक ओढायचं होतं. झेन, एस्टीम, सिएलो. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता आणि ठाऊक नसणं हाच त्यांचा दिमाख होता. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. सगळ्यांनी तिचं चौकोनी अंग पाहून जपानी पैलवान आठवला. नाव मात्र निघालं होतं सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून. टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा करणारा हा मराठी अभियंता. एक मराठी नाव जपानी वेषात गावोगाव फिरत राहिलं आणि आत दाटीवाटीने बसलेल्या आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

नाव सीमा ओलांडतं तेव्हा काय होतं, याचेही धडे आहेत. मित्सुबिशीची पजेरो स्पॅनिश भाषकांच्या देशांत 'माँटेरो' म्हणून विकावी लागली, कारण मूळ शब्द तिथे शिवी होता. २०१६ मध्ये टाटांची 'झिका' बाजारात येण्याच्या बेतात असताना त्याच उच्चाराच्या रोगाने जगात थैमान मांडलं; गाडीला 'टियागो' म्हणावं लागलं. आणि २००२ सालच्या महिंद्रा स्कॉर्पिओचं काय? आईला मी अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "पैसे देऊन विंचू कोण घरी आणतं?" पुष्कळांनी आणला.

या सगळ्यात मला थोर वाटतो तो एकच शब्द, 'टेम्पो'. १९५८ च्या सुमारास फिरोदियांनी जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या साहाय्याने तीनचाकी आणली. नाव एका कंपनीचं. पण मराठीने ते असं पोटात घेतलं की कुठलीही छोटी मालगाडी टेम्पो झाली. टेम्पो ठरवणं, टेम्पोवाला, टेम्पोभर सामान. २००५ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव बदलून 'फोर्स मोटर्स' केलं. शब्दाला त्याची खबरही लागली नाही.

फियाटचंही तसंच झालं. १९९६ च्या सुमारास इटलीची खरी फियाट 'उनो' घेऊन परत आली तेव्हा आमचा मिस्त्री म्हणाला, "ही कुठली फियाट? फियाट तर तुमची ती." तो घरी उर्दू बोले, गिऱ्हाइकाशी कानडी, माझ्याशी मराठी. तिन्ही भाषांत आमच्या गाडीला त्याच्याकडे एकच नाव होतं. गावाच्या नावावरून आमच्या गावात काय काय झालं ते वाचकांना माहीत आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदावर ते 'बेळगावी' आहे आणि मी पत्रात 'बेळगाव'च लिहितो. पण त्या एका फियाटवरून गल्लीत कधी कुणाचं भांडण झालं नाही.

२०१४ च्या मे महिन्यात अँबॅसिडरचं उत्पादन थांबलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीला निरोप मिळाला. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, पद्मिनीला निरोप. चाळीस-पन्नास वर्षं जे नाव कुणी घेतलं नाही, ते जाताना मिळालं. माणसाचंही असं होतं. आयुष्यभर आप्पा असलेल्याचं पूर्ण नाव आपण पहिल्यांदा मोठ्याने वाचतो ते मृत्यूच्या दाखल्यावर.

आमची गाडी २००४ मध्ये भंगारात गेली. जाण्यापूर्वी मी मागची पाटी काढून ठेवली, 'पद्मिनी'. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. कागद म्हणेल ते कागदावर लिहावं, हे मला त्या कारकुनाने शिकवलं, आणि त्याचं चुकलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी बोळात, माणसांसमोर, आप्पांचंही चुकलं नव्हतं. त्यांनी ज्या नावाने वाट पाहिली, त्याच नावाने तिला घरात घेतलं. नातू खणातली पाटी काढून विचारतो, "आजोबा, ही कुठल्या गाडीची?"

मी सांगतो, "आपल्या फियाटची."